सकाळवाला

उजेड पहिल्यांदा यायचा तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात. तिथली काच चौकटीत किंचित तिरपी बसली होती. त्या तिरपेपणामुळे सूर्य समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीमागून वर येण्याआधीच, पाणी घातलेल्या दुधासारखी एक फिकट पट्टी छताला चिकटायची आणि बराच वेळ तिथेच राहायची, जणू खाली उतरावे की नाही याचा तिला निर्णय होत नव्हता. मग ती भिंतीवरून सरकत मांडणीवरच्या डब्यांपर्यंत येई. प्रत्येक डबा तिला आपापल्या परीने घेई. गुळगुळीत डबा तिला लगेच परत फेकी. पोचे आलेला मोठा डबा तिचे चार-पाच तुकडे करून ते आपल्या खळग्यांत जपून ठेवी. ओट्यावर उतरताना तिचा दुधाळपणा जाऊन तिला पिवळसर रंग चढे. रात्री पुसून ठेवलेल्या ओट्यावर फडक्याचे वळ उमटलेले दिसत, नळाच्या तोंडाशी अडकलेला थेंब पेटे, विझे, पुन्हा पेटे. शेवटी ती जमिनीवर येऊन टेबलाच्या पायापाशी थांबली, की आतल्या खोलीत पलंग करकरे आणि बायको उठे. तोवरचा वेळ त्याचा एकट्याचा असे. हातात चहा घेऊन तो नुसता बघत बसे. हा उजेड रोज अगदी तसाच येतो, असे त्याला वाटे, आणि त्या वाटण्यात मोठा आधार असे. वास्तविक रोज तो बोटभर सरकत होता. वर्षभरात तर त्याने अख्खी भिंत पालथी घातली असती. ज्याचे सगळे काम तारखांचे, त्याला हे कळत नव्हते असे नाही. पण कळणे आणि बघणे या दोन गोष्टी त्याने सोयीने वेगळ्या ठेवल्या होत्या.

त्या दिवशी पट्टी ओट्यावरच असताना बायको बाहेर आली. केस न बांधता, चष्मा न लावता ती समोरच्या खुर्चीत बसली.

"तुझा चहा झाकून ठेवलाय," तो म्हणाला.

"असू दे." तिने टेबलावरचा न दिसणारा कण नखाने उचलून टाकला. "संध्याकाळची वेळ मिळालीये डॉक्टरीणबाईंची. पुन्हा प्रयत्न करायचा का, ते विचारणारेत त्या. मी एकटीने काय सांगू?"

"बघू ना. आज ऑफिसात जरा..."

"बघू नको." आवाज चढलेला नव्हता, उलट एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा होता. "तुझ्या त्या बघूवर मी वर्ष काढलंय. हो म्हण, नाही म्हण. नाही म्हणालास तर काही खाणार नाहीये तुला."

वाक्यात काहीतरी हसण्याजोगे होते म्हणून तो हसला. ती हसली नाही.

"तिथे ये आणि माझ्यासमोर काय ते सांग. सांगायचंच नसेल तर येऊ नकोस. मी परस्पर ताईकडे जाईन."

"किती दिवस?" त्याने विचारले. इतके प्रश्न समोर असताना आपण नेमका हा उचलला, हे त्याला विचारून झाल्यावर जाणवले.

"बघू," ती म्हणाली आणि उठून गेली.

वर्षापूर्वी त्यांचे मूल पोटातच गेले होते. त्यानंतर घरात काहीच बदलले नव्हते. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले होते: किती सावरून घेतले याने, किती धीराचा. तिला औषधे वेळेवर देणे, भेटायला येणाऱ्यांना दारातच दबक्या आवाजात समजावणे, तिच्या ऑफिसात कळवणे, ही सगळी कामे त्याने चोख केली. चोख काम करणे त्याला येत असे. त्याचा धंदाच तो होता. तो जिथे नोकरी करी तिथे तारखांच्या हिशेबाची एक लायब्ररी तयार होत असे. म्हणजे असा तयार कोड, जो ठिकठिकाणचे प्रोग्रामर आपापल्या प्रोग्रामला जोडून घेत आणि मग त्याचा विचारही करीत नसत. भिंतीतल्या पाण्याच्या नळीचा कोण विचार करतो? बाहेरच्या माणसाला त्या लायब्ररीची फक्त तोंडे दिसत: अमुक नावाने हाक मारा, दोन तारखा द्या, उत्तर मिळेल. आत काय वाटेल ते बदला, पण ज्या नावाला जी हाक मारली जाते तिला पूर्वी मिळत होते तेच उत्तर मिळाले पाहिजे, हा तिथला धर्म. नवे हवे असेल तर शेजारी नवे दार काढा. जुने बुजवू नका, कारण त्या दारातून रोज कोण ये-जा करतो, ते तुम्हाला ठाऊक नसते. हा धर्म इतर जण पगारापुरता पाळीत. त्याच्या मात्र तो अंगात भिनला होता. किंवा आधीपासून अंगात होता म्हणूनच तो या कामाकडे ओढला गेला होता. आईशी फोनवर बोलताना तो अजून लवकर झोपणारा, सर्दीला भिणारा मुलगा असे. थोरल्या भावासमोर त्याला अजून पैशातले काही कळत नसे. लग्न ठरले तेव्हा बायको एकदा म्हणाली होती की, तुझं गप्प बसणं मला आवडतं. ते त्याने इतके मनावर घेतले, की पुढे बोलावेसे वाटले तेव्हाही त्याने ते दार उघडले नाही. कोणाचे काही मोडू नये. तो वाढत गेला तो असा, एकाला एक खोल्या जोडत जाणाऱ्या घरासारखा, ज्यात एकही भिंत कधी पाडली गेली नव्हती आणि मधल्या खोल्यांना आता खिडकीच उरली नव्हती.

लायब्ररीतल्या सगळ्यांत जुन्या दारावर त्याचा विशेष जीव होता. दोन तारखांमध्ये किती दिवस, एवढेच ते सांगे, आणि चुकीचे सांगे. दोन्ही टोकांचे दिवस धरल्यामुळे उत्तर एकाने जास्त येई. पण ज्यांनी ज्यांनी ते वापरले त्यांनी ही चूक ओळखून आपल्या बाजूने एक वजा केलेला होता. आता चूक दुरुस्त केली तर त्या सगळ्यांचे बरोबर आलेले हिशेब चुकले असते. म्हणून बरोबर उत्तर देणारे नवे दार, म्हणजे नवे फंक्शन, शेजारी लिहिले गेले आणि हे जुने, आपल्या चुकीसह, जपून ठेवले गेले. नव्या माणसांना याचे हसू येई. त्याला मात्र ते विलक्षण कोवळे वाटे: एका चुकीला टेकून इतकी माणसे सरळ उभी आहेत, आणि तिने आपल्या जागेवरून हलू नये एवढेच तिच्याकडे मागणे आहे.

हळूहळू सगळे नव्या दाराने जाऊ लागले. जुन्याला हाक मारली गेली की एक नोंद होई, आणि त्या नोंदींचा आलेख त्याच्या पडद्यावर असे. एकेकाळी डोंगररांगेसारखा असलेला तो आलेख झिजत झिजत सपाट झाला आणि शेवटी त्यावर दर दिवसाला एकच ठिपका उरला. रोज सकाळी कोणीतरी एकदा हाक मारत होते. या कोणीतरीचे नाव त्याने मनाशी सकाळवाला असे ठेवले होते. सकाळवाला उतारवयाचा होता. कुठल्याशा लहान कचेरीत इतरांच्या आधी पोहोचून तो खिडक्या उघडी, काल रात्रीची कोंदट हवा बाहेर जाऊ देई, रुमालाने खुर्ची पुसून जुना, घरघरणारा संगणक चालू करी आणि तो चालू होईपर्यंत हाताची घडी घालून थांबे. त्याला कोणी नवे शिकवले नव्हते. मग तो आपल्या त्या दोन तारखा भरी, उत्तरातून एक वजा करी आणि समाधानाने पहिले काम हातावेगळे करी. त्याच्या कोपराला ठिगळ होते. त्याला खोकला होता. स्वयंपाकघरात उजेड बघत बसलेला असताना त्याला वाटे, आता तोही उठला असेल. या विचाराने त्याला जितकी सोबत होई तितकी घरातल्या कोणाची होत नसे, हे त्याने कधी तपासून पाहिले नव्हते.

ऑफिसात पोहोचताच मॅडमनी हाक मारली. त्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि चालता चालता बोलत.

"नव्या आवृत्तीत जुना सगळा माल काढायचा ठरलंय, माहितीये ना? सगळ्यांनी आपापला काढला. तुझं एक शिल्लक आहे."

"मॅडम, ते अजून कोणीतरी वापरतंय. रोज सकाळी."

"दर बैठकीत तू हेच सांगतोस. कोण वापरतंय?"

"नाव नाही येत नोंदीत."

"संगणकाचा पत्ता येतो की!" त्या थांबल्या. "हे बघ, मी दुष्ट बाई नाही. माणूस दाखव. आपण त्याला पत्र लिहू, नवीन कसं वापरायचं ते शिकवू, हवं तर मी स्वतः त्याच्या दारात जाऊन शिकवते, चहा त्याचाच पिईन. पण माणूस पाहिजे. आज दिवसभरात शोध. नाही सापडला तर काढायचं."

"आणि काढल्यावर त्याचं काही बंद पडलं तर?"

"अरे, तू माणसाला वाचवतोयस की फंक्शनला?" त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या.

शेजारच्या टेबलावरचे काका, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ते फंक्शन लिहिले होते, खुर्ची फिरवून हसत होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. निवृत्तीला आले होते आणि त्या आनंदात कोणालाही काहीही बोलत.

"पोरा, जेवणाच्या सुट्टीत खरडलं होतं मी ते. एका हातात डबा, एका हाताने टाइप. दोन्ही टोकं मोजली, शुद्ध गाढवपणा! दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणार होतो, तोवर तिघांनी वापरायला घेतलं. आता माझा गाढवपणा तू काचेच्या कपाटात मांडून ठेवलायस. वर रोज धूळ पुसतोस."

"काका, लोकांचे हिशेब आहेत त्यावर."

"लोक कुठायत? दाखव की मला पण."

पत्ता बघणे ही काही मोठी गोष्ट नव्हती. ठिपक्यावर बोट ठेवले असते तर तो कधीही दिसला असता. दुसऱ्याच्या खासगीत डोकावू नये, असे कारण त्याने इतकी वर्षे स्वतःला दिले होते आणि ते त्याला शोभूनही दिसत होते. आता त्याने बोट ठेवले. आकड्यांची एक ओळ उमटली. ती ओळखीची वाटली. आधी फक्त वाटली, रस्त्यात दिसलेल्या चेहऱ्यासारखी. मग ओळख पटली. तो उठला, काका कुतूहलाने मागोमाग आले. कोपऱ्यातल्या थंड खोलीत, जिथे यंत्रे एकावर एक ठेवलेली होती, तिथे सगळ्यांत खालच्या फळीवर एका जुन्या संगणकाचा करडा डबा होता. त्यावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: बंद करू नये.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याने तो लावला होता. काम साधे होते. रोज सकाळी लायब्ररीतल्या प्रत्येक जुन्या दाराशी जाऊन एकदा हाक मारायची, उत्तर पूर्वीसारखेच येते ना ते ताडून पाहायचे, आणि आले की उत्तर टाकून द्यायचे. अशा आपल्याच हाका नोंदीत धरायच्या नसतात. तशी एक ओळ लिहावी लागते. बाकी सगळ्या दारांसाठी त्याने ती लिहिली होती. या एकासाठी राहून गेली होती.

काकांना समजायला क्षणभर लागला. मग ते खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे तूच विचारतोस, आहेस का रे? आणि तूच आतून ओ देतोस! आणि वर बैठकीत सांगतोस, अजून वर्दळ आहे म्हणून!" त्याचा चेहरा पाहून ते थांबले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं रे असं. आमच्या काळी याहून मोठे गोंधळ झालेत. काढून टाक आणि चहा घ्यायला ये."

त्याने काढले. काढणे इतके सोपे असेल असे वाटले नव्हते. ओळी निवडल्या, त्या निळ्या झाल्या, मग नव्हत्या. मग सगळ्या तपासण्या चालवल्या आणि एकेक हिरवी खूण उमटत गेली. कुठेही काही मोडले नाही. जगातला एकही माणूस आपल्या खुर्चीत दचकला नाही. त्याने मॅडमना एका ओळीत कळवले. त्यांचे उत्तर म्हणून एक उंचावलेला अंगठा आला. तो प्रसाधनगृहात गेला, नळ सोडला, आणि हात ओले करायच्या आधीच त्याला रडू फुटले. कोणासाठी, हे उघड होते. खिडक्या उघडणारा, खुर्ची पुसणारा, कोपराला ठिगळ लावलेला माणूस कधीच नव्हता, आणि तो नसणे असह्य होते. तोंडावर पाणी मारूनही हुंदका आतून परत परत येत राहिला, शरीर त्याचे न ऐकता आपले काम करीत राहिले. असे आपल्याला रडता येते हेच त्याला माहीत नव्हते. नळाखाली धरलेले आपले हात पाहताना मग एक थंड विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार पुरा होण्याआधीच त्याने नळ बंद केला.

दवाखान्यापर्यंत तो चालत गेला. बसने जाता आले असते, पण बसमध्ये बसून राहावे लागते. संध्याकाळ रस्त्यावर घाईघाईने उतरत होती. दुकानदार बाहेरचा माल आत घेत होते. एका दारात एक मुलगी पायरीवर बसून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती, आणि आतून कोणीतरी तिला ओरडत होते की, आता ये नाहीतर तशीच राहा. तो क्षणभर थांबला. ती मुलगी त्याच्याकडे निर्विकार पाहू लागली तसा तो पुढे निघाला. ताईकडे जाईन, असे बायको म्हणाली होती. ती जाईल हे त्याला ठाऊक होते. ती बोलून दाखवी ते करी. त्यांच्यातला हा एक जुना फरक होता. काहीतरी सांगायला हवे होते. हो म्हणणे सर्वांत सोपे. हो म्हटले की काहीही मोडत नाही.

प्रतीक्षेच्या खोलीत ती एकटीच होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्याला पाहून ती सरकली नाही, पण तिने शेजारच्या खुर्चीवरची ओढणी उचलून घेतली.

"आलास."

"हो."

"डोळे का असे झालेत?"

"ऑफिसात एक जण गेला," तो म्हणाला. का म्हणाला ते त्याला कळले नाही. याहून खरे त्याच्याकडे काही नव्हते.

"अरे देवा. कोण?"

"तू नाही ओळखत. मीही नव्हतो ओळखत."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले, चष्मा सारखा करून, ती दूरचे वाचताना पाही तसे. "आणि त्याच्यासाठी रडलास?"

त्याने मान हलवली.

"आपल्या वेळी नाही रडलास," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती नुसती दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहत होती. "मला वाटायचं, माझ्यासाठी धरून ठेवलंय याने सगळं. रात्री मी जागी असायचे. म्हणायचे, आता तरी मोकळा होईल, मग आपण दोघं मिळून रडू. किती वाट पाहिली मी. तू आपला पांघरूण सारखं करून झोपायचास." ती थांबली. "मी रागावलेली नाहीये रे. मला फक्त कळू दे. त्या दिवशी तुला काय झालं होतं?"

"काही नाही. धावपळ होती."

"धावपळ नको सांगूस. तुला काय झालं होतं?"

आतले दार उघडले. दवाखान्यातल्या मावशींनी डोके बाहेर काढून सांगितले, "या, बोलावलंय." बायको उठली नाही. "एकच मिनिट, मावशी," ती म्हणाली, आणि त्याच्याकडेच पाहत राहिली. मावशी दार अर्धवट ठेवून आत गेल्या.

त्याला तो दिवस आठवला. म्हणजे तो कधी विसरलाच नव्हता, त्याच्याभोवती भिंती घालून तो राहत आला होता. खोलीत डॉक्टरीणबाई बोलत होत्या, त्यांच्या हातात बंद केलेले पेन होते. बायकोने तोंड भिंतीकडे फिरवले होते. औषधे आणायला म्हणून तो बाहेर पडला आणि दवाखान्याच्या लांबच्या लांब बोळातून चालू लागला. बोळाच्या टोकाला मोठी खिडकी होती. पाय हलके पडत होते. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल, असे त्याने ठरवले. जिन्यावर त्याला बाहेरच्या झाडांची पाने वेगवेगळी दिसली. महिनोन्महिने छातीवर बसलेले काहीतरी उठून गेले होते, आणि आता पुढचे घर त्याच्या डोळ्यांसमोर आले: त्याच दोन खोल्या, तेच टेबल, त्याच दोन खुर्च्या. खाली जाऊन त्याने पोटभर खाल्ले. जेवण चवीचे लागले. मग हात धुऊन, चेहरा जसा असायला हवा तसा करून, औषधांची पिशवी घेऊन तो वर आला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

बायको वाट पाहत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत अजूनही, इतक्या सगळ्यानंतरही, त्याच्या बाजूने काहीतरी होते. तो तिच्याकडे वळून बसला. मग त्याने ते सांगितले.

बाळ गेले हे कळले तेव्हा त्याला सुटल्यासारखे वाटले होते.